डाव्या हाताचा पीळ

सशाच्या हातात काहीच नव्हतं. राजवाड्याबाहेरच्या रांगेत तो उभा होता, त्याच्यापुढे कासव, कासवापुढे छत्री मिटून धरलेलं अस्वल, आणि आपली पाळी येईपर्यंत गप उभं राहायचं एवढंच त्याला या क्लिपमध्ये काम होतं. पाच सेकंदांचं. ज्योत्स्ना सकाळचा दुसरा चहा पीत ती क्लिप बघत होती, म्हणजे खरं तर बघत नव्हती. पंचवीस वर्षं चित्रांना चालवायचं काम केलेलं माणूस असल्या क्लिपांकडे अर्ध्याच डोळ्यानं बघतं. तिसऱ्या सेकंदाला सशाच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या बुडाशी टेकला आणि बोटावरून टोकापर्यंत सरकत गेला. चिमटा सुटला. हात जरासा बाजूला झाला, अंगठा पुन्हा बुडाशी, पुन्हा टोकापर्यंत. ज्योत्स्नानं कप खाली ठेवला तो माऊसवरच ठेवला, चहा सांडला, आणि तो पुसायचंही तिला सुचलं नाही. ती बाबांची बोटं होती. हा ससा तिनं काढलेला नव्हता, कुणीच काढलेला नव्हता. हैदराबादच्या कंपनीत कुणीतरी यंत्राला दोन ओळी लिहून सांगितलं होतं की ससा रांगेत उभा आहे, आणि यंत्रानं ससा उभा केला होता. पुलगावात खाटेवर पडलेल्या तिच्या बापाची, तानबाची बोटं त्या यंत्राला कुठून ठाऊक, हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि त्याचं उत्तर तिला लगेच कळलंही. मग मात्र तिनं पदरानंच टेबल पुसलं.

"दिसलं ना ताई?" फोनवर वर्षाली होती. ही वर्षाली नागपूरची, एकेकाळी ज्योत्स्नाच्या हाताखाली पेन्सिल धरायला शिकलेली आणि आता तिची वरिष्ठ. पण 'ताई' म्हणायचं तिनं सोडलं नव्हतं, त्यामुळे तिला नाही म्हणणं फार जड जायचं. "सगळ्यांनाच झालंय हो ते. राजा, हवालदार, परवा तर एक झाड. झाड, ताई! फांदीनं करून राह्यलं. नुसतं उभं केलं कोणाला की झालं सुरू. क्लायंट विचारते, यांना काय खाज सुटली काय म्हणून." यंत्र कंपनीच्या जुन्या चित्रांवर शिकलं होतं, त्यातूनच हे कुठूनतरी आलं असणार, असं वर्षाली म्हणाली. ते कुठून आलं हे तिला माहीत नव्हतं. ती कंपनीत आली तेव्हा कागदावर चित्रं काढणं बंद होऊन पाचसहा वर्षं झाली होती. दोनशेच्या वर क्लिपा होत्या. प्रत्येक बघायची, खाली 'चूक' नाहीतर 'बरोबर' दाबायचं, चूक असेल तर कारणांच्या यादीतून 'थरथर' निवडायचं. शुक्रवारपर्यंत. "तुमच्या डोळ्यावर भरोसा आहे ताई, म्हणून तुम्हाला दिलं. तुम्ही चूक म्हटलं की ते शिकते. एकदा शिकलं की परत नाही येणार."

"कुठंच?"

"कुठंच नाही," वर्षाली आनंदानं म्हणाली.

पलीकडच्या खोलीतून हाक आली. "जोत्स्ना, कूस बदलून दे वं." ती उठली. बाबांना भिंतीकडून दाराकडे वळवताना त्यांचा उजवा हात मागं राहायचा, तो वेगळा उचलून पोटावर ठेवावा लागायचा. मागच्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लकवा मारला तेव्हापासून तो हात असाच ठेवाल तिथं राहत होता. जीभ जड झाली होती ती दोन महिन्यांत सुटली, पाय थोडाफार हलू लागला, हात मात्र नाही. तिनं तो उचलला आणि नकळत बोटांकडे पाहिलं. अंगठा तर्जनीपासून फाकलेला, नख वाढलेलं. दहा दिवसांची रजा काढून ती आली होती. त्याला चौदा महिने झाले. रजेची बॅग अजून कपाटावर होती, तिच्यावर जुन्या चादरी साठल्या होत्या, आणि ती खाली काढावी असं तिला वाटलं तरी आधी चादरी कुठं ठेवायच्या हा प्रश्न होता. आई, शोभाबाई, जाऊन सात वर्षं झाली, भावंड नाही, लग्न राहून गेलं ते गेलंच. यंत्र आलं नसतं तर नोकरी केव्हाच सुटली असती हेही खरं. यंत्रामुळेच तर चित्रं काढायला माणूस कंपनीत लागत नव्हता, चुका दाखवायला लागत होता, आणि चुका काय पुलगावातूनही दाखवता येतात. मधल्या खोलीत फ्रीज आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये तिनं टेबल बसवलं होतं, बसताना पोट आत घ्यावं लागायचं. खिडकी होती, तिच्यातून हातभर अंतरावर शेजारच्या घराची मागची भिंत दिसायची. दारातून बाबांचे पाय दिसायचे. रुळ जवळच, त्यामुळे कुठली गाडी थांबणार आणि कुठली न थांबता जाणार हे तिला आता आवाजावरून कळायचं. न थांबणाऱ्याच जास्त.

त्या दिवशी तिनं एकही बटण दाबलं नाही. ती नुसत्या क्लिपा बघत राहिली. राजा सिंहासनासमोर उभा होता आणि बोटं पिळत होता. हवालदार उन्हात उभा होता आणि बोटं पिळत होता. झाड खरोखरच होतं. हसू यावं असंच होतं सगळं, आणि तिला आलंही. बाबा मिलमध्ये विणाईखात्यात होते. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की नवा चढवायचा, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला बोटांनी पिळून जोडायचा. एका मागावर दोन-अडीच हजार धागे. बोटांना खडूची पूड लावून बसायचं आणि दुपारच्या भोंग्यापर्यंत उठायचं नाही. लहानपणी ती डबा घेऊन फाटकावर जायची तेव्हा बाबा पांढऱ्या बोटांनी तिचा गाल ओढायचे, आणि घरी गेल्यावर आई विचारायची, पावडर कोणं लावून देली? मिल बंद झाली तेव्हा ज्योत्स्ना हैदराबादला होती. दिवाळीला आली तर बाबा दारात पाटावर बसलेले, समोर काहीच नाही, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवरून चाललाय. जोडला, सोडला, पुढचा घेतला. तिनं विचारलं, "बाबा, हे काय करून राह्यले?" ते म्हणाले, "काय? काईच नाई." त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी कंपनीतून कागद गेला होता, आणि कागद गेल्यावर चित्रं मरायला लागली होती. हे ऐकणाऱ्याला पटत नाही, पण होतं तसंच. कागदावर काम चालायचं तेव्हा थांबलेला माणूस दाखवायचा तर एकच चित्र तीनदा गिरवायचे आणि ती तीन चित्रं आळीपाळीनं दाखवायचे. गिरवताना रेघ केसभर इकडेतिकडे व्हायचीच, आणि त्या केसभर फरकामुळे थांबलेला माणूस श्वास घेतोय असं वाटायचं. कॉम्प्युटर आला आणि तो फरक संपला. थांबला की थांबलाच, एक रेघ हलायची नाही. त्यांचे मुख्य चित्रकार प्रभाकरराव पडद्यासमोर उभे राहून कपाळाला हात लावायचे. "अरे, हा उभा आहे की याची तिरडी बांधायची आहे?" मग सगळे कामाला लागले. कुणी पापण्या लववल्या, कुणी छाती वरखाली केली, आणि आठवड्याभरात प्रत्येक पात्र एकाच ठेक्यात पापण्या लववू लागलं, ते आणखीच भयंकर. ज्योत्स्ना दिवाळीहून परतली ती बाबांची बोटं घेऊन. त्या वेळी प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटा आरसा असायचा, न्हाव्याकडे असतो तसा. हावभाव स्वतः करायचा, आरशात बघायचा आणि काढायचा. तिनं बोटं पिळली, आरशात पाहिलं, आठ चित्रं काढली. प्रभाकररावांनी ती एकदा चालवली, दोनदा चालवली, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "हा माणूस कशाचा तरी विचार करतोय." एवढी शाबासकी त्यांनी पुन्हा कधी कुणाला दिली नाही. पुढं कॉम्प्युटरमधल्या बाहुल्या आल्या तेव्हा त्यांचे हात लोकरी मोज्यांसारखे होते, अंगठा नुसता नावाला. तिच्या आठ चित्रांसाठी त्या बाहुल्या बनवणाऱ्या पोरांनी अंगठ्यात जास्तीचा सांधा बसवला, आणि सांधा बसला म्हणून मग सुई ओवणारी बाई करता आली, जपमाळ ओढणारा म्हातारा करता आला, तबलजी करता आला. कंपनीचं नाव झालं ते हातांमुळं. कुणी उभं असलं की 'ज्योत्स्नाचं ते टाक' असं म्हणायची पद्धत पडली, आणि माणसं बदलत गेली तसं 'ज्योत्स्नाचं' गळून नुसतं 'ते' राहिलं. ते सगळं भांडार शेवटी यंत्राला खाऊ घातलं. यंत्रानं बिचाऱ्यानं इमानदारीनं गिळलं होतं, एवढंच.

गुरुवारी सकाळी तिनं धीर करून अकरा क्लिपांवर 'बरोबर' दाबलं. अकराव्या मिनिटाला फोन. "ताई, बोट चुकलं काय?" वर्षालीच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि ती जास्त लागली. "बाबांमुळं जमत नसेल तर सांगा हं. रोशनले देते मी. तो एका बैठकीत करून टाकते." रोशन म्हणजे कोण ते ज्योत्स्नाला माहीत होतं, कानात गाणी लावून न बघता बटणं दाबणारा गुणी मुलगा. त्यानं केलं काय आणि तिनं केलं काय, बोटं जाणारच होती. जातील ती निदान कुणीतरी बघून जावीत असं तिला वाटलं, आणि नंतर वाटलं की हे कसलं समाधान, आपणच आपल्या बापाच्या हाताला 'थरथर' म्हणायचं. लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या बाजूनं लांब कुठंतरी दणका झाला, फ्रीजवरची वाटी किणकिणली. ती टेबल आणि टाकीच्या मधून आडवी होऊन बाहेर आली. क्लिपांतली ती बोटं जायच्या आधी बाबांना दाखवायची. त्यांना आपली बोटं चालताना दिसतील. ते रडतील कदाचित, तिनं मनाची तयारी केली.

उशा लावून तिनं त्यांना बसवलं, चष्मा चढवला, मांडीवर टॅब्लेट ठेवला. आधी राजा दाखवला, कारण राजाचा हात मोठा होता. बाबा वाकून बघू लागले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. तिनं पुन्हा चालवलं.

"हा कोन होय?"

"राजा हाये बाबा. हात पाहा न त्याचा."

"हातच पाहून राह्यलो. याले कोणं ठेवलं कामावर?"

"काऊन?"

"उलटा पीळ देऊन राह्यला न वं तो. डाव्या हातानं करते अन् अंगठा फुडं नेते. धागा सुटते अशानं, जुडत नाई. डाव्यानं करा लागलं तं अंगठा मांगं घ्या लागते. हे असं." आणि त्यांनी डावा हात उचलला, जो वर्षभर फक्त माशा हाकलायला उचलला जात होता, आणि हवेत चिमटा धरून अंगठा टोकाकडून बुडाकडे ओढला. एकदाच. सावकाश, नवशिक्याला दाखवतात तसं.

ज्योत्स्ना मधल्या खोलीत आली आणि शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. उजव्या हातानं अंगठा पुढं नेला. दोरा घट्ट झाला. डाव्या हातानं अंगठा पुढं नेला. दोरा बोटांमध्ये उलगडून दोन झाला. तिनं पुन्हा करून पाहिलं, जणू दोऱ्याची चूक असावी. आरसा. बाबांचा उजवा हात तिनं स्वतःच्या उजव्या हातानं केला होता आणि आरशात दिसला तो डावा म्हणून जसाच्या तसा काढला होता, अंगठ्याच्या चालीसकट. वीस वर्षं तिची पात्रं डाव्या हातानं धागे सोडत उभी होती, आणि ती समजत होती की जोडतायत. वीस वर्षं कुणालाच ते कळलं नाही, कारण कळायला ज्यांनी जन्मभर पीळ दिला अशी माणसं लागतात, आणि ती मिल बंद झाल्यावर घरोघर पाटावर बसली होती. त्यांना कोण कार्टून दाखवणार? तिला लाज वाटली. मग हसू आलं, मग भीती वाटली. ती जे वाचवायला निघाली होती ते बाबांचं नव्हतंच, तिच्या आरशाचं होतं, आणि बाबांचं खरं जे होतं ते या घरात, एका डाव्या हातात, एकदा हवेत होऊन गेलं होतं.

"अजून हायेत काय?" बाबा विचारत होते. "आन न."

शुक्रवार असा गेला. ती खाटेवर त्यांच्याशेजारी बसली, क्लिप लावायची, बाबा मान पुढं काढायचे. "उलटा." चूक. "हाबी उलटा." चूक. हवालदाराला त्यांनी शिव्या घातल्या. झाडाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "झाडाले काऊन लावलं वं कामाले? पन उलटाच हाये." चूक. ते हसत होते. मिलमध्ये त्यांना कधी कुणाचं काम नापास करायचा अधिकार मिळाला नव्हता. आयुष्यभर त्यांच्याच कामावरून मुकादमाची बोटं फिरली, आणि आता राजापासून सशापर्यंत सगळे त्यांच्यासमोर रांगेनं उभे होते. दुपारी त्यांनी कूस बदलायलाही हाक मारली नाही. वरण-पोळी दोन घास जास्त खाल्ली. ज्योत्स्ना बटण दाबत होती, आणि प्रत्येक दाबण्यासरशी जगातून काहीतरी कमी होतंय हे तिला समजत होतं, आणि शेजारी बाबा चौदा महिन्यांत झाले नव्हते इतके खूश होते. थांबवावं तर त्यांचा आनंद जातो, चालू ठेवावं तर चित्रांतून ते स्वतःच जातात. त्यांना हे सांगायचं तिच्या ओठांवर दोनदा आलं. पण काय सांगणार, की बाबा, हे तुमीच हाये? ते म्हणाले असते, मी उलटा पीळ देईन काय?

कारणांच्या यादीत नसलं तरी एका क्लिपखाली तिनं मोकळ्या चौकटीत 'उलटा पीळ' असं लिहिलं. वर्षालीचा निरोप आला, हे काय आहे ताई? मग तिनं शनिवारी सकाळी बसून बाबांच्या दवाखान्याच्या जुन्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनं आठ चित्रं काढली. बाबांकडून दहादा डावा अंगठा मागं घेऊन घेतला, ते वैतागले, "किती डाव दाखवू वं, एवढं ढ कोनी नोतं माया हाताखाली." कागद बोटांत धरून तिनं फडफडवले आणि हात चालला. धागा नसताना दिसत होता. किती वर्षांनी तिच्या बोटांना शिसं लागलं होतं! तिनं फोटो काढून पाठवले, लिहिलं की काढून टाकू नका, त्याऐवजी हे शिकवा. वर्षालीनं लगेच फोन केला. शिकाऊ असताना ज्योत्स्नानं तिच्याकडूनही कागद फडफडवून घेतले होते, तिला कळलं. "खूप सुंदर आहे ताई. खरंच. पण मी टाकून पाहिलं, ते यालाही थरथरच म्हणून राह्यलं. त्याला दोन्ही सारखेच दिसतात." मग तिनं विचारलं, "फरक काय आहे ताई दोन्हीत?" ज्योत्स्नानं सांगायला तोंड उघडलं. ताणा, मिल, खडूची पूड, आरसा. "काही नाही," ती म्हणाली. "हात बदलला फक्त."

रविवारी बाबा सकाळपासून विचारत होते, आज काम नाई काय आलं? तिनं जुन्याच क्लिपा पुन्हा लावल्या. पण त्यांना त्या आठवत होत्या. "हे झालं न परवाच. मले काय खुळा समजते?"

सोमवारी अकराला नव्या क्लिपा आल्या. यंत्र शिकलं होतं. तपासून 'बरोबर' एवढंच दाबायचं होतं, नावापुरतं. बाबांना क्लिपा आल्याच्या आवाजावरून कळलं असावं, कारण ते स्वतःच उशीला रेटा देऊन थोडे वर सरकले होते आणि चष्मा त्यांनी एका हातानं नाकावर वाकडातिकडा बसवला होता. तिला नाही म्हणता आलं नाही. तिनं ससा लावला. राजवाडा, कासव, मिटलेली छत्री. ससा रांगेत उभा होता. त्याचे दोन्ही हात खाली सोडलेले होते, बोटं जराशी फाकलेली, आणि पाच सेकंद ते तसेच राहिले. क्लिप संपली, पुन्हा सुरू झाली. रुळावरून एक गाडी न थांबता गेली. बाबा वाट बघत होते. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी टॅब्लेटवरची नजर काढली आणि पोटावर ठेवलेल्या आपल्या उजव्या हाताकडे नेली. डाव्या हातानं तो उचलून त्यांनी नीट, सरळ करून ठेवला.

"याचाबी हात गेला वाट्टे," ते म्हणाले.

खाली दोन बटणं होती. ज्योत्स्नानं 'बरोबर' दाबलं, आणि पुढची क्लिप आली.